घोलवडहून कालाकमुलला : बाबा, चिकू आणि मेक्सिकोचा व्हिसा

आमची चिकूची वाडी घोलवडची. जुनी झाडं आजोबांनी लावली, नंतरची बाबांनी. बाबांचं वय 74. आयुष्यभरात ते दिल्लीच्या पलीकडे गेले नव्हते. जुलै 2023 मध्ये एका शेतीविषयक मासिकात त्यांनी वाचलं की चिकू मूळचा मेक्सिकोतल्या युकातान भागातला, आणि तिथल्या जंगलात तो आजही आपोआप वाढतो. रात्री जेवताना म्हणाले, "ज्याच्या जिवावर तीन पिढ्या जेवलो, त्याचं घर एकदा बघायला हवं." मी हसले नाही. बाबा काही मागतात असं क्वचितच होतं.

पुढचे सात महिने कसे गेले ते तारखांसकट लिहिते आहे, कारण शेतकरी कुटुंबातून मेक्सिकोच्या व्हिसासाठी अर्ज करणाऱ्या कुणाचा अनुभव मला तेव्हा मराठीत सापडला नाही. सापडला असता तर निदान दोन महिने वाचले असते.

आधी एक महत्त्वाची गोष्ट. तुमच्याकडे अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा युरोपातल्या शेंगेन गटाच्या देशांचा चालू व्हिसा असेल, तर मेक्सिकोत पर्यटनासाठी वेगळा व्हिसा लागत नाही. आमच्याकडे यातलं काहीच नव्हतं. बाबांच्या पासपोर्टची मुदत 2016 मध्येच संपली होती. म्हणून सुरुवात तिथून. ऑगस्टमध्ये ठाण्याला अपॉइंटमेंट मिळाली, 1500 रुपये भरले. पोलीस पडताळणीला हवालदार घरी आले आणि बाबांनी त्यांना वाडी फिरवून आणली. पासपोर्ट सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात हातात आला.

मग कागद. मेक्सिकोच्या व्हिसाला मुख्य प्रश्न एकच असतो, तुमचा खर्च तुम्ही स्वतः करू शकता का. नोकरदार माणूस पगाराच्या चिठ्ठ्या आणि बँकेची तीन महिन्यांची स्टेटमेंट देतो आणि मोकळा होतो. मी बोईसरला नोकरी करते, माझं तेवढ्यावर भागलं. बाबांचं उत्पन्न शेतीचं, म्हणजे करमुक्त. पगार नाही, कंपनीचं पत्र नाही. व्यापाऱ्याकडून पैसे येतात तेही एकदम, मध्ये दोन-दोन महिने खात्यात हालचालच नसते. त्यावर 7/12 सामाईक. उताऱ्यावर बाबा आणि दोन्ही काका अशी तिघांची नावं, कुणाचा हिस्सा किती ते कुठेच लिहिलेलं नाही.

आम्ही केलं ते असं. 7/12 आणि 8अ ऑनलाइन डिजिटल सहीचे काढले, त्यांचं इंग्रजी भाषांतर करून नोटरी केलं. दोन्ही काकांनी शंभराच्या स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं की वाडीच्या उत्पन्नाचा तिसरा हिस्सा बाबांचा. सीएंनी तीन वर्षांच्या शेती उत्पन्नाचं प्रमाणपत्र दिलं. बाबा दरवर्षी रिटर्न भरतात, कर शून्य असला तरी. या सवयीचा फार उपयोग झाला, म्हणून शेतकऱ्यांना माझं आवर्जून सांगणं आहे की रिटर्न भरत चला. सोबत मुदत ठेवींच्या पावत्या आणि बँकेचा शिक्का मारलेली स्टेटमेंट. अर्जाच्या तोंडावर खात्यात एकदम मोठी रक्कम टाकू नका, ती लगेच नजरेत येते. या सगळ्या कागदांवर मिळून सुमारे 4200 रुपये गेले, त्यातले निम्म्याहून जास्त भाषांतर आणि नोटरीवर.

अर्ज स्वतः जाऊनच द्यावा लागतो आणि आमची भेट होती दिल्लीच्या दूतावासात. भेटीची वेळ ऑनलाइन घ्यायची. मी 16 ऑक्टोबरपासून रोज सकाळी चहाच्या आधी ते पान उघडत होते. रोज रिकामं. बाबा पाठीमागून विचारायचे, "लागलं का गं?" आणि मी मान हलवायचे. चौदाव्या दिवशी 21 नोव्हेंबरच्या दोन जागा दिसल्या. दोघांचे पासपोर्ट क्रमांक, जन्मतारखा, पत्ते आधीच एका कागदावर लिहून ठेवले होते म्हणून त्या भरता आल्या. तुम्हीही तो कागद जवळ ठेवा, कारण जागा दिसल्यावर शोधाशोध करायला वेळ नसतो.

दिल्लीला आम्ही मावसभावाकडे उतरलो आणि जाताना आठ-दहा दिवस राहायच्या तयारीनेच गेलो. पासपोर्ट तिथेच ठेवून घेतात. कायद्याप्रमाणे निर्णयाला दहा कामकाजी दिवस लागू शकतात, आणि शेवटच्या दिवशी पुन्हा जावं लागतं. फी दर माणशी पन्नास डॉलरच्या आसपास.

मुलाखत आधी माझी झाली. परतीचं तिकीट, हॉटेलं, दिवसांचा आराखडा. मग बाबांना विचारलं, मेक्सिकोच का? बाबा हिंदीत म्हणाले, "हमारे खेत में जो पेड़ है, वो आपके यहाँ से आया है. उसको देखना है." मी इंग्रजीत सांगायला लागले तर काचेपलीकडच्या बाईंनीच विचारलं, "चिकोसापोते?" बाबांना तो शब्द कळला. ते खुर्चीतून अर्धे उठून "हां, चिकू, चिकू" म्हणाले. बाईंनी 7/12 चं भाषांतर पुन्हा उघडलं, 'पीक' या रकान्यावर बोट ठेवलं आणि पुढे काही विचारलं नाही. 30 नोव्हेंबरला पासपोर्ट परत मिळाले, आत व्हिसा चिकटवलेला. मावसभावाच्या गाडीत बसल्यावर मला रडू आलं. त्या एका कागदासाठी मी किती ताणात होते हे तोवर माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

तिकीट ऍमस्टरडॅममार्गे घेतलं, कारण तिथे विमान बदलताना भारतीयांना वेगळा ट्रान्झिट व्हिसा लागत नाही. सगळ्या युरोपीय विमानतळांवर असं नाही, म्हणून स्वस्त तिकीट दिसलं की आधी हे तपासा. जाऊन-येऊन दर माणशी 1,18,000 रुपये. बाबांचा प्रवास विमा 9,400, माझा त्याच्या तिसऱ्या हिश्श्यात.

27 जानेवारी 2024 ला संध्याकाळी आम्ही मेक्सिको सिटीत उतरलो. पासपोर्टवर शिक्का मारून अधिकारी त्यात मुक्कामाचे दिवस हाताने लिहितात. काउंटर सोडण्याआधी तो आकडा वाचून घ्या. नंतर बदलून मिळणं सोपं नसतं. विमानतळावरच्या एटीएमवर रुपयांत हिशोब दाखवून "हा दर मान्य आहे का" असं विचारलं जातं. 'नाही' दाबा. पैसे तरीही मिळतात आणि दर आपल्या बँकेचा लागतो. तेव्हा एका पेसोला साधारण पावणेपाच रुपये पडत होते.

शहर 2240 मीटर उंचीवर आहे. आमचं घर समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. पहिले दोन दिवस बाबांना जिना चढताना धाप लागायची, म्हणून काहीच ठरवलं नव्हतं, आणि ते बरं झालं. सोमवारी संग्रहालयं बंद असतात हेही आराखडा करतानाच लक्षात घ्या.

मंगळवारी राष्ट्रीय मानववंशशास्त्र संग्रहालयात गेलो. 1790 मध्ये शहराच्या मुख्य चौकात खोदकाम करताना सापडलेला अझ्टेकांची, म्हणजे स्पॅनिश येण्याआधी इथे राज्य करणाऱ्या लोकांची, सूर्यशिळा हा प्रचंड दगड तिथे आहे, साडेतीन मीटरहून रुंद. मी त्याच्यासमोर उभी होते आणि बाबा मात्र त्याच दालनात त्लातेलोल्को या अझ्टेक नगराच्या बाजाराच्या प्रतिकृतीपाशी. इवल्याशा टोपल्यांत मका, मिरच्या, फळं मांडली होती. त्यांनी मला हाताला धरून नेलं आणि म्हणाले, "बघ, हा आपला मंगळवारचा बाजार." त्याच संध्याकाळी वाचताना कळलं की नाहुआत्ल या अझ्टेकांच्या भाषेत गोड, मऊ फळाला 'त्सापोत्ल' म्हणत. त्यावरून स्पॅनिश 'चिकोसापोते', आणि त्यातूनच आपला चिकू. मिरचीचं 'चिली', टोमॅटो, चॉकलेट हे शब्दही त्याच भाषेतले.

निघण्याआधी माझ्याही डोक्यात माया आणि अझ्टेक हे मेक्सिकोतले दोन जुने लोक म्हणजे एकच होते. तसं नाही. अझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान 1325 ची आणि 1521 मध्ये स्पॅनिशांनी ती पाडली. तिच्या मुख्य देवळाचे अवशेष चौकाला लागूनच आहेत, 1978 मध्ये वीज खात्याचे कामगार खणत असताना तिथे चंद्रदेवतेची कोरीव शिळा लागली आणि सगळी खोदाई सुरू झाली. मायांची मोठी नगरं इथून हजारभर किलोमीटर दूर, दुसऱ्या हवामानात, आणि त्यांतली बरीचशी अझ्टेक येण्याच्या कितीतरी आधी ओस पडलेली. माणसं मात्र संपली नाहीत. युकातानमध्ये लाखो लोक घरात आजही माया बोलतात, मेरिदा या तिथल्या शहरातल्या आमच्या खोलीची झाडलोट करणारी ताई फोनवर आईशी मायाच बोलायची.

मेरिदाला आम्ही 1 फेब्रुवारीला विमानाने पोहोचलो. उतरल्या उतरल्या हवेने बाबा खुलले. तीच दमट ऊब, तेच घामेजलेले शर्ट. दुसऱ्या दिवशी कांदेलारियाचा सण होता. 6 जानेवारीच्या गोल पावात ज्याला लहानशी बाहुली मिळते, त्याने 2 फेब्रुवारीला सगळ्यांना तामाले खाऊ घालायचे अशी रीत आहे. घरमालकीणबाईंनी आम्हालाही बोलावलं. केळीच्या पानात गुंडाळून वाफवलेलं मक्याचं पीठ, उलगडताना आमच्या पानग्यांचाच वास. त्यांच्या मागच्या अंगणात तीन पायांचा दगडी पाटा होता, मेताते. मका चुन्याच्या पाण्यात शिजवून, धुऊन त्यावर वाटायचा. बाबा म्हणाले, "तुझी आजी असती तर आता बसली असती वाटायला."

शाकाहाराबद्दल सांगते, कारण बाबा माळकरी आहेत. नुसतं "मांस नको" म्हणून चालत नाही. कोंबडी ही वेगळी गोष्ट धरतात, आणि घेवड्याच्या उसळीतसुद्धा डुकराची चरबी असू शकते. मी एका पुठ्ठ्यावर स्पॅनिशमध्ये लिहून घेतलं होतं की मांस, कोंबडी, मासा, चरबी आणि मांसाचं पाणी यातलं काहीही नको. तो पुठ्ठा दाखवला की लोक आत जाऊन स्वयंपाकिणीला विचारून यायचे. चाया नावाची पालेभाजी, भोपळ्याच्या बियांची सिकिल पाक ही चटणी आणि गरम तोर्तिया यांवर बाबांचे दहा दिवस नीट गेले. मेतकूट आणि थेपले नेले होते ते परतीच्या विमानात संपवले.

3 तारखेला उश्माल हे मायांचं जुनं नगर. या जागेबद्दल कमी लोक बोलतात, पण मला विचाराल तर चिचेन इत्सा या गाजलेल्या माया नगराच्या आधी इथे या. राज्यपालाचा वाडा म्हणतात त्या लांबलचक इमारतीच्या दारांवर लाकडी तुळया आहेत. त्यांतल्या अनेक नंतर बसवलेल्या, पण मूळच्या तुळया चिकूच्या लाकडाच्या होत्या. हजार वर्षं त्यांनी वरचा दगड पेलला. जॉन लॉइड स्टीफन्स हा अमेरिकन प्रवासी 1840 च्या सुमारास इथून एक कोरीव तुळई काढून न्यूयॉर्कला घेऊन गेला, आणि 1842 मध्ये तिथे लागलेल्या आगीत ती जळाली. हे मी बाबांना वाचून दाखवलं तेव्हा ते बराच वेळ त्या दाराखाली मान वर करून उभे राहिले. आमच्याकडे झाड पडलं की चिकूचं लाकूड चुलीला जातं, करवत बोथट होते म्हणून मजूर कुरकुरतात. "एवढं टणक का असतं ते आता कळलं," एवढंच म्हणाले.

चिचेन इत्साला आम्ही मुद्दाम रविवार टाळला, कारण रविवारी स्थानिकांना प्रवेश मोफत असतो आणि गर्दी उसळते. सोमवारी, 5 तारखेला गेलो. फेब्रुवारीचा पहिला सोमवार म्हणजे तिथे संविधान दिनाची सुट्टी, हे मला माहीत नव्हतं. सव्वाआठला पोहोचूनही रांग मोठी. परदेशी माणसाला केंद्राचं आणि राज्याचं अशी दोन तिकिटं, तेव्हा 2024 मध्ये मिळून 643 पेसो, म्हणजे तीन हजार रुपयांच्या वर पडली. चारही बाजूंना 91 पायऱ्या आणि वरची एक, असं 365 चं गणित असलेला पिरॅमिड पाहून डोळे दिपतात हे खरं, पण बाबांना उन्हात त्रास व्हायला लागला आणि अकराला आम्ही बाहेर पडलो. सुट्ट्यांची यादी आधी बघा.

आता खरं जिथे जायचं होतं ते, म्हणजे रानचिकूचं कालाकमुलचं जंगल. मेरिदाहून कांपेचे, तिथून शपुहिल हे लहानसं गाव, दोन दिवस बसने. बसमध्ये थंडी इतकी असते की शाल लागतेच. शपुहिलला घड्याळ जपा. पलीकडच्या किंताना रो राज्याची वेळ एक तास पुढे आहे आणि हद्द जवळ असल्यामुळे फोन मधूनच तिकडची वेळ दाखवतो. आमच्या शेजारच्या खोलीतलं जोडपं त्यामुळे तासभर आधीच उठून अंगणात बसलं होतं.

8 फेब्रुवारी. पहाटे पाचला गाडी आणि गाइड, दोघांचे मिळून 3,500 पेसो. महामार्गापासून आत साठ किलोमीटर जंगलातला रस्ता, वाटेत गावसमितीचं, अभयारण्याचं आणि पुरातत्त्व खात्याचं अशी तीन वेगळी तिकिटं, तिन्हीकडे रोख. आत खायला काही मिळत नाही, फोनला रेंज नाही. पाणी दर माणशी तीन लिटर न्या.

कालाकमुल सातव्या शतकात मायांच्या सर्वांत बलाढ्य राज्यांपैकी एक होतं. नंतर जंगलाने ते गिळलं. 1931 मध्ये सायरस लंडेल या वनस्पतिशास्त्रज्ञाला विमानातून झाडांच्या वर आलेले दोन उंचवटे दिसले, आणि 'शेजारशेजारचे दोन ढीग' या अर्थाचं हे माया नाव त्यानेच दिलं. तो नोकरीला होता चिकूचा चीक गोळा करणाऱ्या कंपनीत! याच चिकापासून, म्हणजे 'चिक्ले'पासून, तेव्हा जगभरचं च्युइंगगम बनायचं. मराठीत आपण चीक म्हणतो, ते म्हणतात चिक्ले. योगायोगच असणार, पण गाइडने तो शब्द उच्चारला तेव्हा बाबा थांबून माझ्याकडे बघायला लागले.

झाड गाइडने दाखवायच्या आधीच बाबांनी ओळखलं. फांद्यांच्या टोकाला पानांचे झुबके बघून. पण खोडावरून नजर वर नेता नेता त्यांची टोपी पडली. आमची झाडं खिरणीवर कलम बांधलेली, हात आणि काठी पोचेल एवढी. हे सरळ तीस मीटरला भिडलेलं. खोडावर खालपासून वरपर्यंत नागमोडी जुने वार होते, कोयत्याने चीक काढल्याचे. पावसाळी महिन्यांत काढतात, आणि एकदा काढला की झाडाला पाच-सात वर्षं विश्रांती देतात. बाबांनी त्या व्रणावर तळवा ठेवला. मी मोठ्या पिरॅमिडवर चढून आले, वरून चारी दिशांना नुसतं हिरवं, कुठे तरी माकडांचा घुमणारा आवाज. चाळीस मिनिटांनी परतले तर बाबा तसेच झाडाला टेकून बसलेले. गाइड माया घरातला होता. माया भाषेत या झाडाला काय म्हणतात असं मी विचारलं. तो म्हणाला, "या." बाबांनी मला पुन्हा विचारायला लावलं. पुन्हा तेच. "या."

दुसऱ्या दिवशी जवळच्या गावात एका सत्तरीच्या चिक्लेरोकडे, म्हणजे चिकूचा चीक काढणाऱ्याकडे गेलो. त्यांनी चीक उकळून वडी पाडायचं भांडं दाखवलं, हातावरचे कोयत्याचे वण दाखवले. बाबांनी कलमाच्या चाकूने कापलेलं बोट दाखवलं. मी आणि गाइड भाषांतर करायचो, पण बऱ्याचदा त्याची गरज पडली नाही. त्यांनी बाबांच्या हातात रानचिकूच्या मूठभर बिया ठेवल्या.

इथे मला वाईटपणा घ्यावा लागला. परदेशातून बी किंवा रोप भारतात आणायला आधी आयात परवाना आणि तिथल्या खात्याचं रोगमुक्तीचं प्रमाणपत्र लागतं, एक बी असलं तरी. खिशात घालून आणलेल्या बियांबरोबर एखादी कीड आली तर ती फक्त आपल्या वाडीत थांबणार नाही. बाबांना हे माझ्यापेक्षा जास्त कळतं. तरी रात्री त्यांनी त्या बिया दोनदा मोजल्या. सकाळी शपुहिलच्या घरमालकाला विचारून त्यांनी त्या त्याच्या अंगणात, पाण्याच्या टाकीजवळ लावल्या, आणि किती अंतरावर, किती खोल हे त्याला खुणेने समजावलं.

13 फेब्रुवारीला मुंबईत उतरलो. सगळं धरून दर माणशी 2,46,000 रुपये खर्च झाला, त्यात दिल्लीची फेरीही आली. मेरिदाच्या दुकानातून आम्ही नैसर्गिक चिक्लेच्या च्युइंगगमची चार पाकिटं आणली होती. त्यातलं एक बाबांनी घरी पोचल्या पोचल्या वाडीत नेलं. आमच्याकडे तीस वर्षं कलमं बांधणारा जानू खिरणीच्या रोपांजवळ बसला होता. त्याने एक तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला.

"शेठ, हा आपलाच चीक की," तो म्हणाला.

बाबा त्याच्या शेजारी मातीत बसले आणि त्याला पहिल्यापासून सांगायला लागले.